पोरगं लग्नाला नाही म्हणतंय...

तुळशीचं लग्न झालं, की आपल्याकडे दोनच विषय. उसाला तोड कधी मिळणार आणि कुणाचं कुठं जमलं. महाद्वार रोडवरच्या साड्यांच्या दुकानात, भिशीत, हळदीकुंकवाला, अगदी अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेतसुद्धा स्थळांची चर्चा रंगते. पूर्वी पत्रिका या हातातून त्या हातात जायच्या, आता मोबाइलवरून बायोडाटे जातात, एवढाच काय तो फरक. या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर पडतं. 'काय करावं बाई, पोरगं लग्नाला नाहीच म्हणतंय!'

मग सगळ्या मिळून कारणं शोधतात. पुण्यात कुणी आवडली असेल, नोकरी पक्की नसेल, पत्रिकेत काही असेल, मित्रांची संगत वाईट असेल. एक कारण मात्र कुणाच्या तोंडून निघत नाही. पोराला मुलींबद्दल ओढच वाटत नसेल, त्याला पुरुषांबद्दल वाटत असेल, तर? हा विचार मनात आलाच, तर आपण तो पदराखाली झाकून टाकतो. मैत्रिणींनो, आज हे झाकलेलंच थोडं उघडून बघू या. कारण त्या झाकण्यापायी एक माणूस आतल्या आत किती सोसतो आणि कधी कधी त्याच्याबरोबर एखादी परक्या घरची लेकसुद्धा कशी होरपळते, हे मी जवळून पाहिलंय.

हा आजार नाही

आधी साध्या गोष्टी स्पष्ट करू. ज्या पुरुषाला पुरुषाबद्दल प्रेम आणि शारीरिक ओढ वाटते, तो समलिंगी. इंग्रजीतला 'गे' हा शब्द आता आपल्याकडेही रुळलाय. अशा वेगवेगळ्या कलाची आणि ओळखीची माणसं सगळ्यांना मिळून 'क्वीर' म्हणतात. समलिंगी पुरुष म्हणजे तृतीयपंथी नव्हे. तो तुमच्याआमच्या घरातल्या कुठल्याही पोरासारखा दिसतो, बोलतो. शेती करतो, बँकेत असतो, कुस्तीही खेळतो.

हा रोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० रोजी समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढून टाकली. आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीनं, २०१८ साली हेच जाहीरपणे सांगितलं. आईनं लाडावलं म्हणून किंवा बाप कडक होता म्हणून कुणी समलिंगी होत नाही. वसतिगृहात ठेवल्यामुळे किंवा सिनेमे बघितल्यामुळेही होत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण असं काही कळलं की पहिलं बोट आईकडे वळतं. आणि बऱ्याचदा ते बोट तिनं स्वतःच स्वतःकडे वळवलेलं असतं.

कायद्याचं म्हणाल, तर इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेतलं ३७७ कलम या माणसांच्या डोक्यावर टांगलेलं होतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ रोजी दिलासा दिला, ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो काढून घेतला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं एकमतानं सांगितलं, की दोन सज्ञान माणसांमधलं संमतीनं असलेलं नातं हा गुन्हा नाही. इतिहासानं या लोकांची माफी मागायला हवी, अशा अर्थाचं त्या वेळी न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी निकालात लिहिलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. समलिंगी विवाहाला मात्र सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मान्यता दिली नाही. थोडक्यात, एकत्र राहणं गुन्हा नाही, पण त्या नात्याला लग्नाचा कागद मिळत नाही.

कागदावरचा गुन्हा पुसला गेला. घरातला कुठं पुसला गेलाय?

एका आईची गोष्ट

या सदराच्या निमित्तानं अनेक जणी माझ्याशी मन मोकळं करतात. त्यातल्याच या एक. नाव, पेठ, काहीच सांगत नाही. त्यांनी 'लिहा, पण ओळखू येईल असं लिहू नका' अशी अट घातलीय.

मुलगा पंचविशीत. शिकलेला, पुण्यात नोकरीला. लहानपणापासून हळवा. शाळेत पोरं 'बायल्या' म्हणून चिडवायची. वडिलांनी त्यावर उपाय म्हणून त्याला तालमीत घातला. तिथं तो चार वर्षं गेला. जोर-बैठका काढल्या, अंग कमावलं, पण चिडवणं थांबलं नाही. फक्त तो घरी येऊन सांगायचा थांबला. आपल्या गावाला रांगडेपणाचा अभिमान आहे आणि तो असावाही. पण त्या रांगडेपणात न बसणाऱ्या पोरानं जायचं कुठं, हा प्रश्न आपण कधी विचारला नाही.

स्थळं यायला लागली तशी तो घरी यायचा कमी झाला. दिवाळीला आला तर दोन दिवसांत परत. झोप नाही, जेवणावर वासना नाही. वजन उतरलेलं. एकदा मामांनी चारचौघांत 'नक्की अडचण काय हाय रं तुझी?' असं हसत हसत विचारलं, तर हा ताटावरून उठून गेला. त्याच रात्री त्यानं आईला सांगितलं.

''मी घाबरलो बघा,'' त्या म्हणाल्या. (आमच्याकडे बायकाही 'मी गेलो, मी आलो' असंच बोलतात, बाहेरगावच्या मैत्रिणींनी दचकू नये.) ''मला वाटलं माझ्याच हातनं काय तर चुकलं. देवाला बोल लावला. नवस बोललो. एका डॉक्टरांकडं पण घेऊन गेलो. ते म्हणाले, लग्न करून टाका, सगळं जाग्यावर येतंय. पोरगं माझ्याकडं बघत होतं, मी डॉक्टरांकडं बघत होतो.''

पुढचे काही महिने घरात कुणी काही बोललं नाही. वडील समोर आले की पोरगा बाहेर जायचा. मग एका रात्री त्यानं पुण्याहून धाकट्या बहिणीला फोन केला. 'मला आता जगायचंच नाही गं,' एवढंच म्हणाला. ती पोर शहाणी. तिनं प्रश्न विचारले नाहीत, उपदेश केला नाही. 'दादा, फोन ठेवू नकोस, मी निघाले' म्हणाली. त्याच्याबरोबर राहणाऱ्या मित्राला दुसऱ्या फोनवरून उठवून त्याच्याजवळ बसवलं आणि मिळेल त्या गाडीनं पुणं गाठलं. तिथून त्याचं बरं होणं सुरू झालं.

जखम कशाची?

बरं होणं म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवं. तो समलिंगी होता, त्यातून 'बरा' झाला असं नव्हे. जखम वेगळीच होती. वर्षानुवर्षं चिडवणं सोसल्याची, खोटं बोलून जगल्याची, 'आईला कळलं तर?' या धास्तीची ती जखम होती.

अमेरिकेतले संशोधक इलन मायर यांनी २००३ साली या ताणाची नीट मांडणी केली. समाजाकडून होणारा अपमान हा एक भाग झाला. त्याशिवाय अपमान होईल या भीतीनं सतत सावध राहणं, स्वतःला लपवणं आणि लोक म्हणतात ते खरंच मानून स्वतःचाच तिरस्कार करणं, असे थर एकावर एक चढत जातात. त्यातून उदासी येते, झोप उडते, व्यसन लागतं, जीव नकोसा होतो. हा दोष मनाच्या घडणीचा नाही, हे ओझ्याचे वळ आहेत.

घराचा वाटा यात किती मोठा? अमेरिकेतच कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी आणि उभयलिंगी तरुण-तरुणींना त्यांनी किशोरवयात घरच्यांनी कसं वागवलं ते विचारलं. घरानं ज्यांना फार झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, न झिडकारलेल्या मुलांच्या तुलनेत आठपटींहून जास्त होतं. तीव्र नैराश्याचं प्रमाण जवळजवळ सहापट. देश परका आहे, घरं वेगळी आहेत. पण आईच्या तोंडून निघालेला शब्द पोराच्या काळजात किती खोल जातो, हे समजायला आपल्याला अमेरिका कशाला हवी?

हे घाव बाहेरून दिसत नाहीत. काही मुलं गप्प होतात. काही इतकी हसरी, इतकी कामसू होतात की कुणाला शंकाही येत नाही. सगळ्यांच्या लग्नात राबणारा, बहिणींच्या ओट्या भरून घेणारा, 'माझं राहू दे' म्हणणारा भाऊ बहुतेक घरांत एखादा असतो. तो समलिंगीच असेल असं मुळीच नाही. पण त्याला 'तू कसा आहेस?' असं कुणी विचारलेलं नसतं, एवढं खरं.

लग्न हे औषध नव्हे

आता जरा दुसऱ्या बाजूनं बघू. 'लग्न केलं की सुधारेल' म्हणून पोराला बोहल्यावर उभं केलं, तर समोर अंतरपाटापलीकडे कोण उभी असते? कुणाची तरी लेक. उद्या ती तुमची-माझीही असेल.

तिला काहीच माहीत नसतं. नवरा चांगला वागतो, पण जवळ येत नाही. महिने जातात, वर्षं जातात. ती स्वतःलाच दोष देते. मी दिसायला बरी नाही, माझ्यातच काही कमी आहे. पाळणा हलला नाही, की सासरचे आणि माहेरचेही तिलाच डॉक्टरांकडे नेतात. त्यातून मूल झालं, तर ती आणखी अडकते. एका खोटेपणापायी दोन जिवांची माती होते आणि दोघांनाही धड रडता येत नाही.

पुण्याचे बिंदुमाधव खिरे यांचं नाव काही जणींनी ऐकलं असेल. स्वतः समलिंगी असलेले खिरे दबावाखाली लग्न आणि मग घटस्फोट या वाटेनं गेले आणि त्याबद्दल उघडपणे बोलले, लिहिलं. अमेरिकेतली संगणक क्षेत्रातली नोकरी मागे ठेवून ते पुण्याला परतले आणि २००२ साली त्यांनी 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला. 'पार्टनर' ही कादंबरी, 'इंद्रधनु' हे माहितीचं पुस्तक, सगळं सरळ मराठीत. त्यांचं 'मनाचिये गुंती' हे पुस्तक तर आपण बायकांनी मुद्दाम वाचावं असं आहे. समलिंगी मुलांच्या घरच्यांचे अनुभव त्यात आहेत. आपल्यासारखंच हादरलेलं, चुकलेलं, सावरलेलं कुणीतरी आहे, हे कळलं की निम्मं ओझं उतरतं.

ज्या मैत्रिणी आधीच अशा लग्नात अडकल्यात, त्यांच्यासाठी दोन ओळी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ नुसार, महत्त्वाची गोष्ट लपवून फसवणुकीनं संमती घेतली असेल, तर लग्न रद्द करून मागता येतं. पण फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि कळल्यावरही स्वखुशीनं एकत्र राहिलं तर तो मार्ग बंद होतो. दोघं समजूतदार असतील, तर परस्पर संमतीनं घटस्फोटाचा रस्ता आहेच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे बायकांना उत्पन्नाची अट न ठेवता मोफत वकील मिळतो. तिथं जायला लाजू नका. आणि हो, या सगळ्यात तुमची काहीच कमी नव्हती, हे आधी स्वतःला सांगा.

डॉक्टर निवडताना

त्या आईला 'लग्न करून टाका' म्हणणारे डॉक्टर भेटले. काहींना गोळ्या, शॉक, संमोहन, अंगारे-धुपारे असं काय काय भेटतं. 'कल बदलून देतो' म्हणणारा कुणीही असो, तिथून उठून घरी यावं.

२०२१ साली मद्रास उच्च न्यायालयात एक प्रकरण आलं. दोन तरुणी एकमेकींवर प्रेम करत होत्या आणि घरच्यांच्या धाकानं मदुराईहून चेन्नईला पळून आल्या होत्या. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी भर न्यायालयात सांगितलं, की हा विषय मला स्वतःला पुरता समजलेला नाही, माझ्याही मनात समज-गैरसमज आहेत. मग ते स्वतः मानसशास्त्रज्ञांसमोर बसले, प्रश्न विचारले, समजून घेतलं. आणि ७ जून २०२१ च्या आदेशात कल बदलण्याच्या असल्या 'उपचारां'ना त्यांनी मनाई केली. पुढे २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं असे उपचार करणं हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. म्हणजे तक्रारही करता येते. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती समजून घ्यायला बसू शकतात, तर आपल्याला कसला कमीपणा?

मग मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचंच नाही का? जायचं ना. झोप, भूक, उदासी यांवर उपचार घ्यायचे, कल बदलायला नाही. पहिल्याच भेटीत सरळ विचारायचं, 'तुम्ही याला आजार समजता का?' उत्तरावरून कळतं. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्हसारख्या संस्थेनं समुपदेशकांना या विषयाचं खास प्रशिक्षण दिलंय, त्यामुळे समजून घेणारी माणसं आता वाढतायत. आणि रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला, तर सरकारची 'टेलिमानस' सेवा आहे. नंबर १४४१६. फोन मोफत आणि मराठीतही बोलता येतं. २०२२ च्या ऑक्टोबरपासून ती सुरू आहे. हा नंबर फ्रीजवर चिकटवून ठेवा, घरात कुणालाही लागू शकतो.

आपली माणसं सापडतात तेव्हा

आपल्या गोष्टीतल्या त्या मुलाला समुपदेशनाचा उपयोग झालाच. पण आई सांगते, की खरा फरक पडला तो त्याला त्याच्यासारखी माणसं भेटल्यावर. पुण्यात अशा मित्रांचे गट आहेत. दर काही दिवसांनी जमायचं, चहा प्यायचा, सिनेमाला जायचं, गप्पा मारायच्या. कुणाच्या घरी गणपतीत दारं बंद झालेली असतात, मग हेच मित्र एकत्र मोदक करतात. आजारपणात डबा आणून देतात. रक्ताचं नसलेलं, पण घरासारखंच. माणसं या 'क्वीर संस्कृती'ला वरच्या वर बघून नावं ठेवतात. रंगीत झेंडे, मोर्चे, नाच! पण जन्मभर लपलेल्या माणसाला वर्षातून एक दिवस भर रस्त्यात स्वतःच्या चेहऱ्यानं चालता आलं, तर तो नाचेल नाही तर काय करेल? पुण्यातली अशी पहिली अभिमान पदयात्रा २०११ साली निघाली.

आणि हे काही सगळं बाहेरून आलेलं नाही. रेणुकेच्या यात्रेत डोक्यावर जग घेतलेले, साडी नेसलेले जोगते आपण लहानपणापासून बघतो. त्यांच्या पाया पडतो, परडीत जोगवा घालतो. जोगता म्हणजे समलिंगी असं समीकरण मांडू नये, ती वेगळी परंपरा आहे आणि तिच्यात सक्तीची दुःखंही आहेत. आपल्याच जिल्ह्यातले लेखक राजन गवस यांनी 'भंडारभोग'मध्ये ती मांडली. त्यांच्या कादंबऱ्यांवर निघालेला 'जोगवा' हा सिनेमा २००९ साली आला. त्यातल्या तायाप्पाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुद्दा एवढाच, की चारचौघांसारखा नसलेला पुरुष आपल्या मातीला नवा नाही. देवाच्या नावानं तो आपल्याला चालतो. घरात, आपल्या नावानं मात्र चालत नाही.

मराठीत यावर लिहिलं, दाखवलंही गेलंय. २००८ साली आपल्यातून गेलेले चेतन दातार यांनी 'एक माधवबाग' नावाची संहिता लिहिली. त्यात एकटी आई बोलते, जिला मुलाच्या डायरीतून सारं कळलेलं असतं. मोना आंबेगावकर यांनी तिचे प्रयोग केले. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी २००६ ची. आणि अलीकडचा रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' हा सिनेमा. २०२५ साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागातलं मोठं पारितोषिक त्यानं मिळवलं आणि सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडे लागला. मुंबईत राहणारा मुलगा वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकाला गावी येतो. नातेवाईक लग्नाचं विचारत राहतात. तिथं त्याला बालपणीचा शेतकरी मित्र पुन्हा भेटतो. भडक काही नाही, गाव आहे, दुःख आहे आणि सगळं जाणून असलेली, पोराच्या पाठीशी गुपचूप उभी राहणारी आई आहे. मला तीच जास्त आठवत राहिली.

आपण काय करू शकतो?

मुलानं, भावानं, दिरानं कधी धीर करून सांगितलंच, तर त्या घटकेला सगळं समजलंच पाहिजे असं नाही. समजायला वेळ लागतो. पण काही गोष्टी लगेच करता येतात.

पहिलं म्हणजे, 'तू माझाच आहेस' हे एवढं तरी बोला. बाकीचं नंतर. 'हे कुणाला सांगू नकोस' हे पहिलं वाक्य नको. 'तुझ्या बाबांना हार्ट अटॅक येईल' हे तर नकोच नको.

त्याच्या परवानगीशिवाय जाऊबाईंना, मावशीला, बाबांनासुद्धा सांगू नका. कुणाला, कधी सांगायचं हे त्याचं त्यानं ठरवायचं.

स्थळं बघणं थांबवा. लोक विचारतील. 'त्याचं तो बघेल' हे उत्तर पुरतं, सवय करा.

'मरून जावं वाटतं' असं तो म्हणाला, तर ते नाटक समजू नका. त्याच्याजवळ थांबा, त्याला एकटं सोडू नका आणि डॉक्टरांची मदत घ्या.

मोबाइलवरून ओळख काढून भेटायला बोलवायचं आणि मग 'घरी सांगतो' म्हणून पैसे उकळायचे, असे प्रकार होतात. तसं झालं तर गुन्हेगार तो नाही, उकळणारा आहे. पोलिसात तक्रार करता येते. हे त्याला आधीच सांगून ठेवा. तुमची भीती राहिली नाही, की त्या धमकीतला निम्मा जोर जातो.

आणि स्वतःलाही जपा. सुनेची, नातवंडांची स्वप्नं पाहिलेली असतात. ती मोडल्याचं वाईट वाटणारच. रडा, पण त्याच्यासमोर सारखं नको. मुंबईत 'स्वीकार' नावाचा अशा पालकांचाच गट आहे. २०२३ साली समलिंगी विवाहाचा खटला चालू असताना त्यातल्या चारशेहून अधिक आई-वडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, आमच्या मुलांना लग्नाचा हक्क द्या म्हणून. तेही कधीतरी देव पाण्यात घालून बसलेले असतील.

त्या आईचं आता काय चाललंय, असं विचाराल. तीन वर्षं झाली. सगळं गोड झालंय असं नाही. वडील अजून त्या विषयावर बोलत नाहीत. पण गेल्या गौरी-गणपतीला पोरगा आठ दिवस राहिला. रात्री शांत झोपला. वडिलांनी सकाळी उठून त्याच्यासाठी स्वतः मटण आणलं आणि 'रस्सा जरा झणझणीत कर, त्याला आवडतोय' एवढंच म्हणाले. ''तेवढंच म्हणाले बघा,'' त्या सांगत होत्या, ''पण कितीतरी दिसांनी त्याचं नाव काढलं.''

मैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातलं हेरवाड आठवतंय ना? नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव ४ मे २०२२ रोजी त्या गावानं केला. 'लोक काय म्हणतील' म्हणून पिढ्यान् पिढ्या चाललेलं एका गावानं बसून, बोलून बदललं. त्याच महिन्यात सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. शाहू महाराजांच्या या जिल्ह्यात असं होऊ शकतं. घरातल्या ठरावाला तर ग्रामसभाही लागत नाही. स्वयंपाकघरात आई आणि पोरगं एवढे दोघं पुरेत.

तुमच्या घरात, ओळखीत असं काही असेल, तुम्हाला काही सांगावंसं वाटत असेल, तर पुरवणीच्या पत्त्यावर जरूर लिहा. नाव नको असेल तर छापणार नाही. वाचणार मात्र नक्की.